शिट्टी काढून

कुकरची शिट्टी काढून ठेवली, रबरी रिंगसुद्धा.
तळाशी मीठ, मिठावर जाळी,
जाळीवर तूप चोळलेला ॲल्युमिनियमचा डबा
आणि डब्यात ते काळं ओलं पीठ,
ज्यातल्या कोकोच्या एका पुडीसाठी
मी थेट नंदुरबारपर्यंत फोन केले.

दोंडाईच्यात एप्रिल. सात वाजले तरी
फरशी पायाला चावते.
मिरचीच्या पथाऱ्या उचलून महिना झाला,
पण वारा सुटला की
अख्खी गल्ली अजून एकदम शिंकते.

बावीस वर्षं मी त्यांची मजुरी लिहिली.
देठ खुडलेली मिरची, किलोमागे इतके.
नाव, नावापुढे आकडा,
आकड्यापुढे अंगठा. रमिलाची तेवढी सही.
परवा वही पेढीवर परत केली
आणि त्यांना जेवायला बोलावलं.
"कोनं लगीन शे?" गेंदाबाई म्हणाली.
कुणाचं नाही गं.
"मंग रांधाले कव्हय येवानं?"
रांधायला नाही, म्हटलं. जेवायला.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली,
हिशेबात मी चूक केली की बघायची, तशी.

आल्या. घडीची लुगडी, शकिलाबीच्या ओढणीला अत्तर.
दाराजवळच बसल्या चौघी,
उठायला सोपं पडेल अशा.
मी पाणी आणायला वळले की एक उठायची,
भाकरी आणायला वळले की दुसरी.
बसा, बसा, बसा.
इतक्यांदा तर मी पेढीवर
"पुढची" म्हणूनही ओरडले नसेन.

शेवभाजीत मुद्दाम तिखट कमी घातलं होतं.
वाटलं, आज तरी त्यांना सुट्टी.
सकरूबाईनं एक घास घेतला, कळण्याची भाकरी मोडत
हळूच विचारलं,
"एखादी हिरवी मिरची शे का व ताई?"
आणि मग कोणालाच हसू आवरेना.

फोन सांगत होता, चाळीस मिनिटं.
सकरूबाई लग्नसराईत खापरावर मांडे टाकते.
तिनं कुकरच्या झाकणावर, वीतभर उंच,
नुसता तळवा धरला.
"आखो नही व्हयनं."
मी फोनचं ऐकलं.

ताटात उलटा केला तेव्हा
मधोमध बसका खड्डा,
आपल्या तापीत उन्हाळ्यात पडतात तसा.
"जयनं का?" गेंदाबाईनं काळजीनं विचारलं.
नाही, रंगच असा असतो त्याचा.
"मंग कसाले रडस?"
मी रडत नव्हते. वारा सुटला होता.

शकिलाबी स्वयंपाकघरात गेली,
कोणी अडवायच्या आत आमरसाचं पातेलं घेऊन आली
आणि त्या खड्ड्यात ओतलं,
काठोकाठ.
सुरी मी आणेपर्यंत थांबतंय कोण?
चार हात पडले. बोटांनीच मोडला केक,
देठ खुडतात तसा, अंगठा आणि तर्जनी,
एक झटका.
पहिला तुकडा माझ्या तोंडात रमिलानं घातला.

कडू, मग गोड, मग रस.
आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या कडेला,
एक बारीक आग.
मी तर चिमूटभरही घातली नव्हती.
साबणानं जात नाही, राखेनं जात नाही,
लेकराच्या डोळ्याला हात लावता येत नाही चार महिने,
हे शकिलाबीनं मला एकदा सांगितलं होतं
मजुरी घेताना, आणि मी
मान न उचलता आकडा लिहिला होता.

"कसं शे?" रमिला विचारत होती.
मी पाणी मागितलं नाही.
आणखी एक तुकडा दे, म्हटलं,
तुझ्याच हाताचा.

जाताना त्यांनी भांडी घासायला घेतली.
मी कुकर लपवला.
गेंदाबाईला तो सापडला.